नऊपैकी पाच

तापाला थर्मामीटर आहे. साखरेला लॅब आहे. हाड मोडलं तर एक्स-रे आहे. माणूस नैराश्याच्या आजारात आहे की नाही, हे ठरवायला काय आहे? एक यादी. आणि ती यादी केली कोणी? समितीने.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशन ही तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना १९५२ पासून मानसिक आजारांची जंत्री छापते. तिचं नाव डीएसएम. सध्या पाचवी आवृत्ती चालू आहे, २०१३ ची. २०२२ मध्ये तिची डागडुजी झाली. तिच्यात नैराश्याची नऊ लक्षणं दिली आहेत. उदास मन, कशातच रस न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, स्वतःला दोष देत राहणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. यांपैकी पाच हवीत. दोन आठवडे हवीत. पहिल्या दोहोंतलं एक तरी हवंच. चारच भरली तर? मग हे निदान बसत नाही.

तेराव्या दिवशी बरा आणि चौदाव्या दिवशी आजारी?

रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मान्य. पण ती कोणी ओढली, कुठे बसून ओढली, हे ज्याच्यावर ओढली त्याला कळायला नको?

१९७२ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी निकषांची एक यादी छापली. जॉन फायनर हे तिचे पहिले लेखक, म्हणून ती फायनर निकष या नावाने ओळखली जाते. तिच्यात उदास मनाबरोबर आठपैकी पाच लक्षणं आणि मुदत एक महिना. १९८० साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या देखरेखीखाली डीएसएमची तिसरी आवृत्ती आली आणि महिन्याचे दोन आठवडे झाले. मधल्या आठ वर्षांत नैराश्य ओळखणारी रक्ततपासणी निघाली नव्हती. मेंदूत नवं काही सापडलं नव्हतं. चर्चा झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेचं पुस्तक वेगळं. आयसीडी. आपल्याकडचा मानसिक आरोग्याचा कायदा त्याचं नाव घेतो. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात नैराश्याची लक्षणं दहा. दहावं कोणतं? पुढे काही बरं होईल ही आशाच न उरणं. अमेरिकन यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक नाही. आशा संपलेल्या माणसाचं एक लक्षण जिनिव्हात मोजलं जातं, वॉशिंग्टनमध्ये ते उदास मनातच जमा होतं.

आता जरा आकडेमोड करू. नऊपैकी किमान पाच आणि पहिल्या दोहोंतलं एक तरी, अशी अट घातली तर लक्षणांच्या २२७ वेगवेगळ्या जुळण्या होतात. दोन माणसांना एकच निदान मिळेल आणि त्यांच्यात सामाईक लक्षण फक्त एक असेल, हेही शक्य आहे. शिवाय यादीतल्या एकाच लक्षणात दोन उलटी टोकं बसतात. एकाला झोप येत नाही, जेवण जात नाही, तो येरझाऱ्या घालतो. दुसरा दिवसभर झोपतो, खातच राहतो, त्याला हात उचलवत नाही. दोघांच्या केसपेपरवर शब्द एकच. गोळीही बहुधा एकच.

मग ही यादी फेकून द्यावी? थांबा. यादी नव्हती तेव्हाचं ऐका.

साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनच्या कितीतरी पट होत होतं. न्यूयॉर्कच्या पाण्यात काही होतं का? संशोधकांनी दोन्हीकडचे रुग्ण एकाच पद्धतीने तपासले, तर फरक बराचसा विरघळला. एकाच रुग्णाच्या मुलाखतीची चित्रफीत दोन्ही देशांतल्या डॉक्टरांना दाखवली. अमेरिकन डॉक्टर सहज स्किझोफ्रेनिया म्हणाले, ब्रिटिश तसं म्हणायला तयार नव्हते. आजार तोच. विमानतळ बदलला की नाव बदलत होतं.

तेव्हा निकष आले ते डॉक्टरांच्या मनमानीला वेसण घालायला. हे काम मोठं आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. दोन डॉक्टर एकाच शब्दाने एकच गोष्ट बोलू लागले, तर संशोधन होतं, औषधाची चाचणी होते, सांगलीचा कागद मुंबईत वाचता येतो.

पण दोन डॉक्टर खरंच एकच बोलतात का?

पाचव्या आवृत्तीच्या आधी प्रत्यक्ष दवाखान्यांत चाचण्या झाल्या. तोच रुग्ण, थोड्या दिवसांच्या अंतराने दोन वेगळे डॉक्टर, दोघांच्या हाती नवे निकष. एकमत मोजायला कप्पा नावाचं माप असतं. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. आघातानंतरच्या तणावाच्या आजाराला, म्हणजे पीटीएसडीला, ०.६७ मिळाले. बरे म्हणावेत असे. स्किझोफ्रेनियाला ०.४६. आणि नैराश्याला, ज्याचं नाव आज घराघरात घेतलं जातं त्याला? ०.२८.

शून्याच्याच जवळचा आकडा.

२९ एप्रिल २०१३. पुस्तक बाजारात यायला तीन आठवडे उरले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक टॉमस इन्सेल यांनी जाहीरपणे लिहिलं की या पुस्तकाची निदानं लक्षणांच्या गटांवरच्या सहमतीवर उभी आहेत, प्रयोगशाळेतल्या मोजमापावर नाहीत, आणि त्यांची संस्था संशोधनाची दिशा त्यापासून वळवणार आहे. या संशोधनाची देशातली सगळ्यात मोठी तिजोरी असं म्हणाली म्हटल्यावर खळबळ उडाली. दोन आठवड्यांत इन्सेल आणि मानसोपचारतज्ज्ञांची संघटना यांचं संयुक्त निवेदन आलं. सध्या हाताशी असलेल्यात हेच उत्तम, असा त्याचा मथितार्थ. मेंदूच्या मोजमापावर उभी राहणारी दुसरी चौकट त्याआधीपासूनच बांधली जाते आहे. तुमच्या गावच्या डॉक्टरांच्या टेबलावर ती अजून पोचलेली नाही.

इथे एक वर्ग टाळ्या पिटतो. पाहा, सगळं थोतांड आहे, मनाचे आजार म्हणजे मनाचे खेळ. या मंडळींना तिथेच अडवायला हवं. निकष कच्चे आहेत म्हणून आजार खोटा ठरत नाही. ज्याला रात्रंदिवस कानात शिव्या ऐकू येतात, त्याला त्या पुस्तक छापायच्या आधीही ऐकू येत होत्या. रक्तदाबाची रेघही सहमतीचीच. २०१७ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती १४० वरून १३० वर आणली आणि एका रात्रीत कितीतरी लोक रक्तदाबाचे रुग्ण झाले. म्हणून हृदय बंद पडायचं थांबलं का?

आणि ज्या प्रयोगाचा दाखला ही मंडळी हमखास देतात, त्याचंही ऐका. १९७३ मध्ये डेव्हिड रोझनहान यांनी लिहिलं की आठ निरोगी माणसं आवाज ऐकू येतात असं खोटं सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि एकही डॉक्टर त्यांना ओळखू शकला नाही. जगभर गाजलं. २०१९ मध्ये पत्रकार सुझॅना कॅहॅलन यांनी त्या प्रयोगाची कागदपत्रं खणून काढली, तर लिहिलेलं आणि घडलेलं जुळेना. आठांपैकी बहुतेकांचा पत्ताच लागेना. निदानाला खोटं ठरवणाऱ्या प्रयोगावरच खोटेपणाचा संशय. शंका घ्यायची तर दोन्ही बाजूंची घ्यावी.

१९७३ हेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवायचं. तोवर समलैंगिकता डीएसएममध्ये आजार म्हणून नोंदलेली होती. आदल्या वर्षी संघटनेच्या डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ रबरी मुखवटा घालून, आवाज बदलणारा माइक लावून व्यासपीठावर आले आणि म्हणाले की मी समलैंगिक आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. सभागृहात बसलेल्या सहकाऱ्यांच्या पुस्तकात ते रुग्ण होते.

डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी ही नोंद काढली. सभासदांतल्या काहींनी मतदान मागितलं. १९७४ मध्ये ते झालं. काढण्याच्या बाजूने ५,८५४, विरोधात ३,८१०. कोट्यवधी माणसं कोणतंही औषध न घेता बरी झाली.

बरी कसली? ती आजारी नव्हतीच.

नोंद पुढच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने परतली. स्वतःच्या कलाबद्दल ज्याला त्रास होतो तो आजारी, असा नवा शब्दप्रयोग निघाला. अमेरिकेच्या पुस्तकात तो १९८७ पर्यंत राहिला. आयसीडीने १७ मे १९९० ला समलैंगिकता काढली, पण त्याच दहाव्या आवृत्तीत ‘त्रास होतो’वाला मागचा दरवाजा उघडा ठेवला. तो अकराव्या आवृत्तीत बंद झाला. समाज छळणार, छळाने माणूस खचणार आणि खचला म्हणून पुस्तक त्यालाच आजारी म्हणणार? भारतात सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला, त्या दिवशीही आपल्या रुग्णालयांत जी आवृत्ती वापरात होती तिच्यात ही ‘त्रास होतो’वाली नोंद शाबूत होती.

पैशाचं काय? २००६ मध्ये एका पाहणीत दिसलं की डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीवर काम केलेल्या तज्ज्ञांपैकी ५६ टक्क्यांचे औषधकंपन्यांशी आर्थिक संबंध होते. मनःस्थितीचे आजार आणि स्किझोफ्रेनिया या दोन समित्यांत हे प्रमाण १०० टक्के. म्हणजे ज्या आजारांवर गोळ्या सगळ्यात जास्त खपतात, त्यांची व्याख्या करणाऱ्या टेबलाभोवती कंपन्यांशी संबंध नसलेला एकही माणूस नव्हता. सगळे विकले गेले होते असं मी म्हणत नाही. पण एक तरी खुर्ची मोकळ्या माणसासाठी ठेवता आली नसती?

आता दुःखाकडे वळू. इथे माझा संयम सुटतो.

चौथ्या आवृत्तीत एक सवलत होती. जवळचं माणूस गेलं असेल, तर पहिले दोन महिने नैराश्याचं निदान सहसा करायचं नाही. पाचव्या आवृत्तीने ती काढून टाकली. समर्थनाचा मुद्दा असा की शोकात असलेल्यालाही खरा आजार होऊ शकतो, त्याला उपचाराविना का ठेवायचं? मुद्दा रास्त आहे. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख अ‍ॅलन फ्रान्सिस यांनीच त्याला जोरदार विरोध केला. त्यांचा मुद्दाही रास्त आहे, रडणाऱ्या माणसाला रुग्ण करू नका. मग २०२२ मध्ये नवीन आजार आला, लांबलेला शोक. प्रौढांसाठी मुदत बारा महिने. आयसीडीत हाच आजार, मुदत सहा महिने.

तेच माणूस गेलं. तेच डोळे ओले. जिनिव्हाला सहा, वॉशिंग्टनला बारा.

आपल्याकडे दहावं, बारावं, तेरावं, महिन्याचं श्राद्ध, वर्षश्राद्ध. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड नाही. शेजारीपाजारी येऊन बसतात, गेलेल्या माणसाच्या चार गोष्टी निघतात. समाजाने शोकाला जागा दिली होती आणि मुदतही दिली होती. हे दोन्ही पुस्तकांना ठाऊक आहे. शोक त्या माणसाच्या संस्कृतीच्या, धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तरच आजार म्हणा, असं त्यांत लिहिलं आहे. अट चांगली आहे. पण कोरोनाच्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, ज्यांचं माणूस रुग्णवाहिकेतून गेलं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात नेलं गेलं, त्यांच्या घरी कोण येऊन बसलं होतं? दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. चेहरा पाहिला नाही. त्यांचं वर्ष कोणत्या दिवसापासून मोजायचं?

हे कोणत्या निकषात बसवणार?

आता जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत चला. टेबलासमोर चाळिशीची बाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. शेजारी नवरा उभा, हातात केसपेपर. बाहेर रांग. असा संवाद कोणत्याही मंगळवारी ऐकायला मिळेल.

“काय होतंय, ताई?”

उत्तर नवरा देतो. “कामात ध्यान न्हाई हिचं, डॉक्टर.”

“त्यांना बोलू द्या. ताई?”

“डोकं जड हुतं. अंगात कणकण ऱ्हाती. हातापायात जीव न्हाई. छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतं.”

“उदास वाटतं का?”

“उदास कशापायी? सगळं हाय की घरात.”

इथे यादी बंद पडली. पहिल्या दोन लक्षणांपैकी एक हवंच, आणि पहिलं तर तिने नाकारलं. अंगदुखीला यादीत जागा नाही. छातीवरच्या धोंड्याला नाही. घाईतला डॉक्टर इथे ताकदीची गोळी लिहून पुढचा केसपेपर ओढतो. मुरलेला डॉक्टर मात्र थांबतो.

“शेजारणी येतात का बोलायला? हळदीकुंकवाला जाता का?”

नवऱ्याकडे एकदा बघून ती म्हणते, “सोडलंय. दिवाळीपासनं. नकोच वाटतं कोन.”

हे दुसरं लक्षण. कशातच रस न उरणं. पुस्तकातल्या प्रश्नाला ते मिळालं नसतं, हळदीकुंकवाच्या प्रश्नाला मिळालं. मग झोपेचं विचारायचं, पहाटे किती वाजता जाग येते ते विचारायचं, आणि नवऱ्याला बाहेर बसवून मरणाच्या विचारांचं विचारायचं. याला वेळ लागतो. निकष छापायला अमेरिकेने साठ-सत्तर वर्षं घेतली. ते लावायला आपण रुग्णामागे किती मिनिटं देतो?

आपल्याकडे लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पुरता येत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. पाहणी झाली त्या दिवसांत १०.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक आजारात होते, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचले नव्हते. इथे निदान जास्त होतंय की कमी, या वादाला काही अर्थ आहे का? दोन्ही होतं. शहरात जास्त, वाडीवस्तीवर शून्य.

अंगात येण्याचं काय? आयसीडीत त्याचीही नोंद आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. जत्रेत, गोंधळात, समाजाच्या रीतीत बसून अंगात आलं, तर आजार म्हणायचं नाही. माणसाला नको असताना, रीतीबाहेर, त्रास देत येऊ लागलं तरच आजार. ही रेघ समंजस आहे. आपल्या गावांत ती ओढतो मात्र मांत्रिक, आणि त्याच्या हातात पुस्तक नसतं, झाडू असतो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. आजार निकषात बसो की न बसो.

निदान दवाखान्यात राहिलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती. ते लग्नात येतं, नोकरीत येतं, कोर्टात येतं. ‘ठाण्याला भरती करायला पाहिजे’ ही आपली शिवी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार गावांत प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांतल्या दोन गावांची नावं घराघरात टोमणा म्हणून वापरली जातात. एवढ्या वातावरणात केसपेपरवरचा एक शब्द काय करत असेल?

हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच बजावलं की स्किझोफ्रेनिया हा शब्द पुरेसा नाही. आजार इतका आहे का, की सोबत राहण्याची अपेक्षाच रास्त ठरू नये? ते सिद्ध करा. नावाला नव्हे, तीव्रतेला महत्त्व. निकाल येऊन इतकी वर्षं झाली, तरी घटस्फोटाच्या अर्जाला औषधाच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली की काम फत्ते, असं मानणारे आहेतच. ती चिठ्ठी झोपेच्या गोळीची का असेना.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं तिसरं कलम प्रत्येक समुपदेशकाच्या, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावं असं आहे. मानसिक आजार कसा ठरवायचा, ते त्यात सांगितलं आहे. आणि कशावरून ठरवायचा नाही, तेही. राजकीय मतावरून नाही, आर्थिक स्थितीवरून नाही, जात-धर्मावरून नाही, समाजाच्या नीतिकल्पनांशी जुळत नाही म्हणून नाही. शिवाय आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्याने वेडा ठरला असं नाही, ते ठरवायचा अधिकार न्यायालयाचा.

असं कलम लागतंच कशाला? १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना आजारी ठरवलं होतं. पळायची इच्छा हेच लक्षण. सोव्हिएत रशियात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना ‘मंद गतीचा स्किझोफ्रेनिया’ असं निदान देऊन रुग्णालयात डांबलं. निकष तिथेही होते. छापील होते.

आणि आपल्या घरात? परजातीत लग्न करायचं म्हणणारी मुलगी ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे ओढून नेली जाते की नाही?

दुसऱ्या टोकाला मोबाइल. ‘ही पाच लक्षणं तुमच्यात आहेत का?’ तीस सेकंदांत निदान. कपाटात कपडे नीट लावणारी मुलगी सांगते, मला ओसीडी आहे. डीएसएम काय म्हणतं? पुन्हा पुन्हा येणारे विचार, पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृती दिवसाचा तासाहून जास्त वेळ खात असल्या पाहिजेत किंवा जगणं अडवत असल्या पाहिजेत. हात धुऊन धुऊन कातडी सोलवटलेल्या, दार लावलं का हे बघायला जिन्यातून वीस वेळा परतलेल्या माणसासमोर हा शब्द उधळू नये. त्याच्याकडे दुसरा शब्द नाही.

नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी तर कर्मचाऱ्यांपुढे फॉर्मच ठेवले. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. गुण शून्य ते तीन. बेरीज जास्तीत जास्त २७, दहा किंवा त्याहून जास्त झाली की धोक्याचा इशारा. स्पिट्झर यांचाच हात तिच्यातही, आणि पैसा फायझर या औषधकंपनीचा, जी तेव्हा नैराश्याची गोळी विकत होती. प्रश्नावली वाईट नाही. चाळणी म्हणून उत्तम आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. पण ती चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्याला डॉक्टर भेटायला हवा. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. कंपनीच्या अ‍ॅपवर कर्मचाऱ्याने तिथे ‘जवळपास रोज’ला खूण केली, तर पलीकडे कोण बसलेलं आहे? माणूस की सर्व्हर?

मुलांचं तर विचारूच नका. एकाग्रता आणि चंचलतेच्या आजाराला, एडीएचडीला, नऊपैकी सहा लक्षणं लागतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं की वर्गात सगळ्यात लहान असलेल्या, डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा मिळालं. मुलींना ७० टक्के जास्त. अकरा महिन्यांनी लहान पोर मोठ्यांपेक्षा जास्त वळवळतं, यात आजार कुठला? निकष लावताना वर्गातली शेजारची मुलं बघितली, जन्मतारीख बघायची राहिली.

हे सगळं एका जागी येऊन थांबतं. जवळपास प्रत्येक आजाराच्या यादीखाली एक शेवटची अट असते. लक्षणांमुळे त्या माणसाला लक्षणीय त्रास होत असला पाहिजे, किंवा त्याचं काम, नाती, रोजचं जगणं बिघडलेलं असलं पाहिजे. रीलवाले ही ओळ वाचत नाहीत. झेरॉक्सवाले वाचत नाहीत. सगळ्या पुस्तकात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, कारण ती लक्षणं सोडून माणसाकडे बघायला लावते.

आपल्या देशात तर ती मोजायचं मापही आहे. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीच्या पुढाकाराने झालेलं आयडियाज. मानसिक आजाराच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी तेच वापरतात. स्वतःची निगा, नाती, संवाद, काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि आजाराला किती वर्षं झाली तेही जमेस. चाळीस टक्के भरले तर सवलतींचं दार उघडतं.

ओपीडीतली ती बाई याच मापासमोर बसवून बघा. पहाटे साडेतीनला जागी होते, छतावर नजर लावून पडून राहते, पाचला उठून चूल पेटवते. सहा माणसांचा स्वयंपाक, गोठा, धुणं, दुपारी भांगलणी. दिवाळीपासून ती कोणाशी चार शब्द बोललेली नाही. काम मात्र एक दिवस चुकलेलं नाही, कारण चुकवायची सोयच नाही. “कामकाज बिघडलंय का?” असं डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर पुन्हा शेजारी उभा असलेला नवराच देणार. चूल पेटते आहे म्हटल्यावर ‘काम’ या रकान्यात तो किती गुण पडू देईल?